‘जरा टॉयलेट वापरू का?’ : वाचकांचे प्रश्न

दुकानांमधल्या स्वच्छतागृहांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही आज घेतली आहेत. बहुतेक पत्रांवर नाव नव्हतं, आणि त्यात नवल नाही.

प्रश्न : काहीही विकत घ्यायचं नसताना दुकानातलं टॉयलेट वापरायला मागणं बरं दिसतं का? मला इतका संकोच वाटतो की दरवेळी एखादी नको असलेली वस्तू घेऊनच बाहेर पडते.

मोठ्या दुकानात बाणाची पाटी लावलेली असेल तर विचारायचीही गरज नाही. ती सोय दुकानानं स्वतःच्या हिशेबानं केलेली असते, कारण सोय असली की माणूस जास्त वेळ रेंगाळतो. ‘फक्त ग्राहकांसाठी’ असं लिहिलेलं असेल, तर मात्र नजर चुकवून आत शिरू नका.

खरा पेच छोट्या दुकानात. तिथलं टॉयलेट मागच्या बाजूला, मालाच्या खोक्यांपलीकडे असतं आणि मुळात कर्मचाऱ्यांसाठी असतं. समोरच्या गिऱ्हाइकाचं आटोपू द्या आणि मग एका वाक्यात विचारा. प्रवास किती लांबचा झाला, सकाळपासून पोट कसं आहे, हे काउंटरवरच्या माणसाला ऐकायचं नसतं. नाही म्हटलं तर वाद नको. दुकानात तो एकटा असू शकतो आणि मागच्या खोलीत रोकड असू शकते. तुम्हाला हो म्हटलं म्हणजे गाडीत बसलेल्या बाकी पाच जणांनाही हो म्हटलं, असंही नव्हे.

आणि ती नको असलेली वस्तू घेणं सोडून द्या. दुकानदारानं उपकार केला, सौदा नाही. जाताना आभार माना आणि जागा होती तशी ठेवून या. त्याला तेवढंच हवं असतं.

प्रश्न : कमोडच्या सीटला अंग लागू नये म्हणून मी नेहमी अधांतरीच बसते. मुलीलाही तेच शिकवलंय. बरोबर ना?

नाही. तुम्ही एकट्या नाही, हे मात्र खरं. ब्रिटनमध्ये स्त्रीरोग विभागात आलेल्या महिलांचा एक अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 85 टक्के जणी सार्वजनिक टॉयलेटमध्ये अशाच अधांतरी बसत होत्या. तसं बसल्यावर लघवीची धार सरासरी 21 टक्क्यांनी मंदावते आणि मूत्राशयात उरणारी लघवी दुपटीहून जास्त होते, असंही त्यात दिसलं. मांड्या ताणून तोल सावरताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडत नाहीत, मग मूत्राशय रिकामं कसं होणार?

सीटवरून आजार होण्याची भीती अवाजवी आहे. अखंड त्वचा हा उत्तम अडसर असतो. जंतू शरीरात जातात ते बहुतेक हातावाटे: कडी, नळ, फ्लशचं बटण, आणि आत हाताळलेला तुमचाच फोन. म्हणून सगळी काळजी हातांवर खर्च करा. साबण लावून किमान 20 सेकंद चोळा आणि नीट कोरडे करा. ओल्या हातांना जंतू सहज चिकटतात आणि ते पुढेही सहज पसरतात.

यातली गंमत अशी की सीट ओली होते ती बहुतेक अधांतरी बसणाऱ्यांमुळेच. ती ओली दिसली की पुढचीही अधांतरी बसते, आणि साखळी चालू राहते. टिश्यूनं पुसा, हवं तर वर एक कागद अंथरा आणि निवांत बसा. बूट घालून सीटवर उकिडवं बसणं तर विसराच. सीट तडकते, कधी भांडंही फुटतं, आणि फुटलेल्या चिनी मातीची जखम खोल असते.

प्रश्न : झाकण लावून फ्लश करावं म्हणतात. सार्वजनिक ठिकाणी तर झाकणच नसतं.

फ्लशबरोबर बारीक तुषार उडतात हे अनेक दशकांपासून माहीत आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये लेझरच्या हिरव्या प्रकाशात ते दाखवले. आठ सेकंदांत ते दीड मीटर उंच गेले होते. झाकण असलं तर लावा, पण फटींतून काही बाहेर येतंच. नसलं तर बटण दाबा आणि निघा. वाकून बघत उभं राहू नका. अर्थात ‘जंतू उडतात’ म्हणून फ्लश न करता जाणाऱ्यांना ही सबब मिळणार नाही.

प्रश्न : आत असताना फोन आला तर घ्यावा का?

नको. पलीकडच्याला सगळं ऐकू येतं, शेजारच्यालाही.

प्रश्न : (पुरुष वाचक) बाकीच्या मुताऱ्या रिकाम्या असताना कुणी अगदी शेजारी येऊन उभं राहिलं की मला होतच नाही. हा काही दोष आहे का?

मुळीच नाही. 1976 मधला एक प्रयोग याच विषयावर होता. माणूस खेटून उभा राहिला की लघवी सुरू व्हायला जास्त वेळ लागतो, असं त्यात आढळलं. म्हणून जागा असेल तर मधली एक सोडून उभं राहावं, नजर समोर ठेवावी आणि गप्पा बाहेर माराव्यात. तुम्हाला त्रास होत असेल तर सरळ दार असलेल्या खोलीत जा, कुणी हिशेब ठेवत नाही. दाराआडही होत नसेल आणि त्यापायी तुम्ही पाणी पिणं किंवा घराबाहेर पडणं टाळत असाल, तर डॉक्टरांना सांगा. या त्रासावर उपचार आहेत.

प्रश्न : रांग मोठी असेल आणि अपंगांसाठीची खोली रिकामी असेल, तर ती वापरावी का?

बाकीच्या खोल्यांपैकी एकही मोकळी होण्यासारखी नसेल आणि तुम्हाला खरोखरच थांबवत नसेल, तर जा आणि लगेच बाहेर या. कपडे बदलायला किंवा केस विंचरायला ती नाही. उलट बाजूही सांगतो. तिथून धडधाकट दिसणारा माणूस बाहेर आला म्हणून डोळे वटारू नका. आतड्याचा दाह किंवा मल-मूत्र गोळा करायला पोटाला लावलेली पिशवी कपड्यांवरून दिसत नाही. अशा रुग्णांना गरजेच्या वेळी दुकानातलं कर्मचाऱ्यांचं टॉयलेट वापरू द्यावं, असा कायदा अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं 2005 मध्ये केला. आतड्याच्या आजारानं त्रस्त एका मुलीला दुकानात नकार मिळाला, त्यातून तो आला.

प्रश्न : माझं दुकान आहे. टॉयलेट सगळ्यांना खुलं ठेवलंय, पण लोक घाण करतात. सूचनांच्या पाट्या वाढवत चाललोय.

पाट्या काढा, एक पुरे. त्याऐवजी एकदा स्वतः आत जाऊन, कडी लावून, हातात पिशवी घेऊन बसून बघा. दाराला हूक नसेल तर पिशवी टाकीवर किंवा ओल्या जमिनीवर जाते. आत झाकणाची कचरापेटी नसेल तर पॅड आणि ओले वाइप्स भांड्यात जातात आणि तुंबतं. वाइप्सच्या पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते कागदासारखे विरघळत नाहीत. साबण संपलेला असेल, कडी लागत नसेल, दिवा मिणमिणता असेल, तर लोक लवकर सुटायला बघतात आणि कशालाच नीट हात लावत नाहीत. आधीच घाण असलेल्या जागी घाण करायला कुणाला लाजही वाटत नाही. तेव्हा गर्दीच्या वेळेआधी एक फेरी आणि नंतर एक फेरी लावा. ती कुणी मारायची हे ठरवून द्या, त्या माणसाला हातमोजे द्या आणि ते काम त्याच्या पगारात धरा.