छोट्या दुर्बिणीतून तारकागुच्छांचे फोटो पांढरेफटक येतात, एक्सपोजर आणि प्रोसेसिंग कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की जळगावात राहता, १३० एमएमचा न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, ६५० एमएम फोकल लेंथ, मोटरवालं इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांबरोबर फिरणारा स्टँड), जुना डीएसएलआर, आणि कृत्तिकेचा फोटो काढला की सगळे तारे नुसते पांढरे ठिपके येतात. सामान तुमचं चांगलं आहे, मला वाटतं एक्सपोजर जास्त होतंय. नेब्युलासाठी (तेजोमेघांसाठी) लोक सांगतात तेवढा वेळ गुच्छांना लागतच नाही. ताऱ्याचा मधला भाग सेन्सरवर एकदा भरला की लाल, हिरवा, निळा तिन्ही चॅनल टोकाला जातात आणि तो रंग मग कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही.

रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, आयएसओ ८००, २०-३० सेकंद, आणि असे भरपूर फोटो. कृत्तिकेतले ठळक तारे त्यातही जळतात, त्यांच्यासाठी ३-४ सेकंदांचा वेगळा सेट घ्या आणि शेवटी दोन्ही मिसळा. आणि कृत्तिका सगळी निळसरच आहे हो, रंगांची खरी मजा बघायची तर पुष्य नक्षत्रातला एम ४४ घ्या, निळ्या-पांढऱ्या ताऱ्यांत चार-पाच नारिंगी राक्षसी तारे आहेत आणि आपल्याकडे तो जवळजवळ डोक्यावरच येतो, किंवा ययातीमधला डबल क्लस्टर, त्यात लाल महाराक्षसी तारे आहेत.

फोकस बाहतिनोव्ह मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची चकती) लावूनच करा, आणि रात्र गार होत जाते तसा पुन्हा तपासा. पोलर अलाइनमेंटला (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखायला) आपला ध्रुव जेमतेम २१ अंशावर असतो, त्यामुळे केळीच्या बागेला लागून स्कोप लावला तर तो दिसणारच नाही, उत्तरेला मोकळं शिवार बघा. आता आपला उन्हाळा. सेन्सर सहा-सात अंशांनी तापला की डार्क करंट (उजेड नसतानाही उष्णतेने सेन्सरवर साचणारा सिग्नल) साधारण दुप्पट होतो, म्हणून थंडीत काढलेले डार्क (तो सिग्नल वजा करायचे काळे फोटो) मे महिन्यात वापरू नका, त्याच रात्री, तेवढ्याच आयएसओ-एक्सपोजरचे, झाकण लावून काढा. फ्लॅटला (कडांचा काळोख आणि धुळीचे डाग घालवायच्या फोटोंना) पांढरा टी-शर्ट नळीवर ताणून पहाटेचं आकाश पुरतं.

प्रोसेसिंगला सिरिल हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. स्टॅक करा (सगळे फोटो जुळवून एक करा), कडा कापा, बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनने शहराचा उजेड काढा, मग फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन, ते कॅटलॉगमधल्या ताऱ्यांशी जुळवून रंग बसवतं. यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथेच फोटो बनतो किंवा बिघडतो. अंधुक फोटो उजळवायला साधा हिस्टोग्राम स्ट्रेच ओढला की ठळक तारे परत पांढरे होतात, त्याऐवजी एसिन्ह स्ट्रेच वापरा, तो तिन्ही चॅनलचं प्रमाण सांभाळून उजळवतो. हळूहळू, थोडा-थोडा. शार्पनिंगच्या नादी लागू नका, ताऱ्यांभोवती काळी कडी येतात.

आणि एक आग्रहाने सांगतो, ओमेगा सेंटॉरी सोडू नका. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवरचा, अंदाजे एक कोटी ताऱ्यांचा बंदिस्त (गोलाकार, दाट) गुच्छ, युरोपातल्या बहुतेकांना घरून दिसतच नाही आणि आपल्याला दक्षिणेला २१ अंश वर मिळतो! एप्रिलच्या मध्यात रात्री साडेबाराला, मेच्या मध्यात साडेदहाला सगळ्यात उंच असतो. त्यासाठी मात्र यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊ नका, तिथून दक्षिणेला जळगाव-भुसावळचाच उजेड समोर येतो, जामनेर-पहूरच्या बाजूला जा म्हणजे शहर पाठीमागे राहतं. गाभ्यासाठी १० सेकंदांचा सेट वेगळा घ्या. इतक्या खाली हवेमुळे ताऱ्यांना एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी कड येते, ती सिरिलमध्ये आरजीबी अलाइनमेंटने (तिन्ही रंगांचे थर एकमेकांवर बसवून) बरीचशी जाते.