'हंगामी कायम' म्हणजे नक्की काय?

वाळवा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. भावाला साखर कारखान्यात नोकरी लागली, ऑर्डरीत 'हंगामी कायम' असं लिहिलंय. हंगामी असेल तर कायम कसा? यात काही गोलमाल तर नाही?

गोलमाल नाही. घोटाळा होतो तो 'हंगामी'ला दोन अर्थ असल्यामुळे. फारसीत 'हंगाम' म्हणजे वेळ, काळ. त्यावरून आपला सुगीचा हंगाम, आंब्याचा हंगाम. पुढे राज्यकारभाराच्या मराठीत 'हंगामी' म्हणजे तात्पुरता असं झालं. विधानसभेचा हंगामी अध्यक्ष किंवा १९४६ चं दिल्लीतलं हंगामी सरकार यांचा ऋतूशी काडीचाही संबंध नाही. कारखान्यात मात्र शब्द जुन्या अर्थानेच नांदतोय : गळीत हंगामात काम करणारा. म्हणजे 'हंगामी' कामाचा काळ सांगतो आणि 'कायम' नोकरीवरचा हक्क. दोघांचं भांडण नाही.

व्यवहारात बघा. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटतो, मग गव्हाणीत उसाची मोळी पडते आणि हंगामी कायम माणूस हजेरीला लागतो. उन्हाळ्यात पट्टा पडला, म्हणजे गळीत संपलं, की घरी. पण पुढच्या हंगामाला त्याला बोलवायचंच असतं, आणि मधल्या बंद काळासाठी पगाराचा काही हिस्सा मिळतो. त्याला कराड-इस्लामपूरकडे सगळे 'रिटेन्शन'च म्हणतात. मराठी प्रतिशब्द सुचवणाऱ्यांनी आधी टाइम ऑफिसात विचारून बघावं! नुसत्या 'हंगामी' माणसाला पुढच्या वर्षाची अशी खात्री नसते. भावाच्या ऑर्डरीत 'कायम' हा दुसरा शब्द आहे, हे चांगलंच आहे.

बारमाही कायम माणसाची बरोबरी मात्र होत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात बारमाही नोकराला वर्षामागे १५ दिवसांचा पगार धरला, हंगामात काम करणाऱ्याला हंगामामागे ७ दिवसांचा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते ७ दिवस तसेच आहेत. '२४० दिवस भरले का?' (म्हणजे वर्षाची सलग सेवा धरण्याइतके दिवस झाले का) हा कामगारांच्या तोंडी असलेला प्रश्नही इथे लागू पडत नाही, कारण गळीत एवढं लांबत नाही. ग्रॅच्युइटीसाठी सलग सेवा मोजताना हंगामी आस्थापनेत वेगळा हिशेब असतो : कारखाना जितके दिवस चालू होता, त्यातल्या किमान ७५ टक्के दिवशी प्रत्यक्ष काम केलेलं असावं.

'कंत्राटी'ची यात गल्लत नको. त्या माणसाला नेमणारा ठेकेदार असतो, कारखाना नव्हे.

शब्दांचा क्रमही सांभाळा. आपण बोलताना 'कायम' हा शब्द 'नेहमी' या अर्थाने सर्रास वापरतो : तो कायम उशिरा येतो. त्यामुळे 'हंगामी कायम' ही नोकरीची वर्गवारी असली, तरी अर्जात कुणी 'कायम हंगामी' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, बिचारा जन्मभर तात्पुरताच राहिला.