शब्दशंका: ‘अप्लॉम’ आणि गवंड्याचा ओळंबा

प्रश्न: क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात ‘विथ अप्लॉम’ ऐकतो. शब्दकोशात ‘शांतपणा’ एवढाच अर्थ सापडला. तो पुरेसा आहे का? आणि स्पेलिंगच्या शेवटी असलेला ‘बी’ उच्चारायचा की नाही?

उत्तर: ‘बी’ उच्चारायचा नाही. शब्द फ्रेंच ‘आ प्लों’वरून आला आणि तिथेही तो मुकाच आहे. ‘प्लों’ म्हणजे शिसं, लॅटिन ‘प्लुंबम’. शिशाची रासायनिक खूण ‘पीबी’ त्यातूनच आली. प्लंबरही त्याच घरचा, कारण पूर्वी नळ शिशाचे असत. त्याचा ‘बी’ इंग्रजीत मुका असला, तरी आपण मात्र ठणकावून म्हणतो!

‘आ प्लों’ म्हणजे दोरीला शिसं टांगल्यावर दोरी जशी उभी राहते तसं. मराठीत सांगायचं तर ओळंब्यात. गवंडी ओळंब्याची चकती भिंतीला वर टेकवतो आणि तिच्या मधून गेलेल्या दोरीच्या टोकाचा लोलक, म्हणजे वजन, खाली सोडतो. चकतीची रुंदी लोलकाच्या व्यासाएवढीच असते, म्हणून भिंत सरळ असेल तर लोलक तिला जेमतेम शिवतो. फट राहिली तर भिंत वरून पुढे झुकली आहे; लोलक भिंतीवर रेलला तर ती मागे कलली आहे. झोके थांबायच्या आत मात्र निदान करायचं नाही. वाऱ्यात इथेच चूक होते.

तेव्हा ‘शांतपणा’ हा अर्थ अपुरा आहे. तोल जाण्याचा प्रसंग यावा आणि माणूस ओळंब्यात राहावा, हा अप्लॉम. त्यात सफाई आणि आत्मविश्वासही येतो. भाषण चालू असताना माईक बंद पडला आणि वक्त्यानं आवाज चढवून वाक्य पुरं केलं, तिथे हा शब्द शोभतो. तळ्याकाठच्या निवांतपणाला किंवा गाढ झोपेला तो लावू नये. बॅलेत तर अजून शारीरिक अर्थच चालतो: एका पायावर उभं असतानाही ढळू न देता राखलेला शरीराचा उभा तोल.

‘शांतपणा’च्या अधिक जवळचा इंग्रजी शब्द ‘इक्वॅनिमिटी’, म्हणजे समचित्तता. लॅटिनमध्येही ‘सम’ आणि ‘मन’ हेच दोन तुकडे. ती स्वभावात मुरलेली असते, अप्लॉम कृतीत दिसतो. म्हणून भाषांतर करताना ‘शांतपणे’ऐवजी ‘जराही न डगमगता’ लिहा. खेळाच्या बातमीत ‘सफाईनं’ही चालेल.