शाखा बदलू नकोस

प्रश्न : मी मेटलर्जीच्या (धातुशास्त्राच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. चंद्रावरच्या मातीतून ऑक्सिजन आणि धातू काढायच्या संशोधनात जायचंय. त्यासाठी एरोस्पेसला शाखा बदलू का? थर्मोडायनॅमिक्सचा पेपर राहिलाय. बाबांना हे सगळं स्वप्नरंजन वाटतं.

उत्तर : शाखा बदलू नकोस. यान उतरवणं एरोस्पेसवाल्यांचं काम. उतरल्यावर माती भाजायची ती तुम्हा लोकांनीच.

चंद्राच्या मातीत वजनाने ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन आहे, पण तो सिलिकॉन, लोह, ॲल्युमिनियम यांच्याशी घट्ट बांधलेला. एक मार्ग इल्मेनाइटचा. हे लोह-टायटॅनियमचं खनिज हायड्रोजनमध्ये ९०० ते १,००० अंश सेल्सियसला तापवलं की पाण्याची वाफ निघते. त्या पाण्याचं विद्युत अपघटन करायचं, म्हणजे ते विजेने फोडायचं. ऑक्सिजन आपल्याकडे, हायड्रोजन परत भट्टीत. आता हिशेब कर. मातीत १० टक्के इल्मेनाइट आहे आणि सगळंच्या सगळं अभिक्रियेत उतरलं असं धरलं, तरी १०० किलो मातीमागे जेमतेम एक किलो ऑक्सिजन हाती येतो. एका माणसाचा एका दिवसाचा श्वास! सरळ माती वितळवूनच विद्युत अपघटन केलं तर कितीतरी जास्त मिळेल, पण १,६०० अंशांच्या आसपासच्या त्या रसात वीज सोडणारा इलेक्ट्रोड टिकवायचा कसा? हा प्रश्न तुझ्या शाखेचा आहे की एरोस्पेसचा, तूच सांग.

धुळीचं तर विचारूच नकोस. तिथे वारा-पाणी नसल्याने कण गुळगुळीत झालेले नाहीत, फुटक्या काचेसारखे टोकदार आहेत. सील आणि बेअरिंग कुरतडतात. इथे लॅबमध्ये भट्टीत माती सोडणारं नरसाळं, म्हणजे हॉपर, तुंबला की आपण हातोडीने दोन ठोके देतो. तिथे ठोकणार कोण?

बाबांचंही अगदीच चूक नाही. चंद्रावर असा एकही कारखाना अजून उभा नाही. मंगळावर ‘मॉक्सी’ यंत्राने २०२१ ते २०२३ मध्ये १२२ ग्रॅम ऑक्सिजन तयार केला, तोही मातीतून नव्हे, तिथल्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून. नोकऱ्या मोजक्या, बहुतेक पीएचडीनंतरच्या. म्हणून एक्स्ट्रॅक्टिव्ह मेटलर्जी, म्हणजे खनिजातून धातू काढायचं शास्त्र, हाच पाया ठेव. चंद्राचं जमलं नाही तरी पृथ्वीवरच्या भट्ट्या आहेतच. ‘स्पेस रिसोर्सेस’चा पदव्युत्तर अभ्यासक्रम अमेरिकेत कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सने काढला. खाणकाम शिकवणारी संस्था आहे ती, हे बाबांना जरूर सांग.

आणि तो राहिलेला पेपर. कुठला ऑक्साइड किती तापमानाला कशाने फुटेल हे थर्मोडायनॅमिक्समधल्या एलिंगहॅम आकृतीवरून वाचता आलं नाही, तर या क्षेत्रात पहिल्या मुलाखतीतच अडशील. या सत्रात दुसरं काही हातात घेऊ नकोस.