सासूबाईंना नागीण झालीय, मी सात महिन्यांची प्रेग्नंट आहे

प्रश्न: माझ्या ७३ वर्षांच्या सासूबाईंना पाठीपासून छातीखाली, फक्त उजव्या बाजूला नागीण उठलीय. त्या महिनाभर घराबाहेरसुद्धा पडल्या नाहीत, मग ही आली कुठून? आणि प्रेग्नन्सीत इम्युनिटी कमी असते म्हणतात, तर मला लागण होईल का?

उत्तर: ताई, आधी आईला फोन करून विचारा, लहानपणी तुम्हाला कांजिण्या झाल्या होत्या का, कारण सगळं त्यावर आहे.

नागीण बाहेरून आलेली नाहीये. सासूबाईंना कधीकाळी कांजिण्या झाल्या तेव्हाचाच विषाणू मणक्याजवळ नसांच्या मुळाशी इतकी वर्षं दबा धरून होता आणि टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याच्यावर पहारा ठेवून होत्या. या पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात, पण वयात आल्यानंतर ती ग्रंथी आक्रसत जाते, तिच्या जागी चरबी येते, त्यामुळे सत्तरीत नवीन पेशी अगदी थोड्या आणि जुन्या थकलेल्या, मग पहारा सैल पडला की विषाणू त्याच नसेच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून तर फोड एकाच बाजूला पट्ट्यासारखे येतात, बघा, मधली रेष सहसा ओलांडत नाहीत. त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या, गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त फायदा होतो.

आता तुमचं. नागिणीपासून नागीण लागत नाही, पण फोडांतल्या पाण्यात विषाणू असतो आणि ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत, लसही घेतलेली नाही, त्याला त्यातून कांजिण्या होऊ शकतात. प्रेग्नन्सीत त्या झाल्या तर न्यूमोनियाची भीती, आणि डिलिव्हरीच्या अगदी जवळ झाल्या तर बाळाला धोका. फोड झाकलेले ठेवा, टॉवेल वेगळा, सगळ्या फोडांवर खपली धरली की मग काळजी नाही.

तुम्हाला होऊन गेल्या असतील तर निर्धास्त राहा. नक्की आठवत नसेल तर अँटीबॉडीची रक्ततपासणी करून घ्या, आणि नसल्याच तर थांबू नका, बचावाचं औषध संपर्कानंतर ठरावीक दिवसांतच द्यावं लागतं.

इम्युनिटी 'कमी' हा शब्द मला पटत नाही. बाळाचे अर्धे जीन्स वडिलांचे, म्हणजे शरीराच्या हिशेबाने अर्धं परकंच, तरी ते सांभाळून घ्यायचं म्हणून तुमची यंत्रणा वागणूक बदलते, झोपत नाही. गर्भाशयातल्या नॅचरल किलर पेशी तर नावाच्या उलट, बाळाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या रुंद करायला मदत करतात! फ्लू मात्र या काळात जड जातो, त्याची लस घ्या. तुमच्या अँटीबॉडीज वारेतून बाळाकडे सगळ्यात जास्त जातात त्या शेवटच्या तीन महिन्यांत, म्हणजे आत्ताच.

कांजिण्यांची लस आत्ता घ्यायची नाही, ती जिवंत विषाणूची असते. गरज असलीच तर डिलिव्हरीनंतर घ्या, अंगावर पाजत असलात तरी चालते.