सुपरचार्जर की टर्बो : १.२ लिटरच्या पेट्रोल गाडीला काय बसवावं?

सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही इंजिनात दाबाने जास्त हवा कोंबून ताकद वाढवतात. रोजच्या १.२ लिटर पेट्रोल गाडीसाठी या दोनांत टर्बोच बरा, पण तो बाहेरून बसवून घेऊ नका. कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेली गाडी घ्या. गॅरेजमध्ये अशी इंजिनं रोज उघडतो, म्हणून सांगतो. सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावरच्या) पट्ट्यावर फिरतो. पाय दाबताच ओढ मिळते, हे खरं, पण तो फिरवायला इंजिनचीच ताकद जाते आणि छोट्या इंजिनात ते मायलेजवर लगेच दिसतं. टर्बो सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो. मारुतीच्या फ्राँक्सचंच बघा : बिनटर्बोच्या साध्या १.२ ला ११३ एनएम टॉर्क (म्हणजे ओढ), एक लिटरच्या टर्बोला साधारण १४८, आणि तोही २००० आरपीएमलाच. भरल्या गाडीने खंबाटकी चढताना हा फरक पायाला कळतो. २००० आरपीएमच्या खाली मात्र क्षणभर ढिलाई जाणवते.

बाहेरून का नको? साध्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल दाबण्याचं प्रमाण, आधीच जास्त असतं. त्यात दाबाने हवा कोंबली की नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकतं, आणि मग पिस्टनची कड तुटलेली हातात येते. ते टाळायचं तर पिस्टन, इंजेक्टर, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) सगळंच बदलावं लागतं. वॉरंटी जाते, गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं ते वेगळंच.

एक अट : टर्बोला कंपनीने सांगितलेलंच सिंथेटिक ऑइल वेळेवर घाला, आणि घाट चढून थांबलात तर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मगच बंद करा.