डावखुरा नेमबाज, उजवा बोल्ट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी अकरावीत आहे, एअर रायफल पहिल्यापासून डाव्या खांद्यावरून चालवते आणि स्कोअर छान येतात. आता तिला 50 मीटरला जायचंय, पण क्लबातल्या पॉइंट टू-टू (.22 इंच नळीच्या) रायफली सगळ्या उजव्या बोल्टच्या, म्हणजे गोळी भरायचा दांडा उजव्या बाजूला. कोच म्हणतात आत्ताच उजवा खांदा धर, पुढे त्रास नको. पोरगी रडकुंडीला आलीय. काय करावं?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर: ताई, खांदा बदलायची घाई अजिबात करू नका. आधी तिचा मुख्य डोळा कुठला ते बघा, घरीच होतं. दोन्ही हात समोर लांब करायचे, पंजे एकमेकांवर ठेवून मधे छोटीशी खिडकी करायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं, मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याला घड्याळ खिडकीतच दिसत राहतं तो मुख्य. डावा निघाला तर विषय संपला, ती डावीकडूनच खेळणार. उजवा निघाला तरी एवढे चांगले स्कोअर येत असताना मी तरी खांदा हलवणार नाही, न नेमणाऱ्या डोळ्यापुढे 30 मिलिमीटर रुंदीपर्यंतची पट्टी लावायला नियमात परवानगी आहे, ती आधी लावून बघा.

हात शिकवता येतो हे मला मान्य आहे. हंगेरीच्या कारोली ताकाचचा उजवा हात 1938 मध्ये ग्रेनेडने निकामी झाला आणि त्याने डाव्या हाताने पिस्तूल धरून 1948 ला लंडनमध्ये आणि 1952 ला हेलसिंकीत सुवर्ण जिंकलं. पण त्याच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता, तुमच्या मुलीपुढे आहे. क्लबात रायफली उजव्या आहेत म्हणून मुलांना उजवं करायचं ही सोय क्लबाची असते, मुलाची नसते, आणि हे मला मनापासून खटकतं.

आता बोल्टचं. बोल्ट चालतो गोळी सुटल्यावर, नेमाच्या वेळी त्याचा काही संबंध नसतो. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ज्या थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य घेतलं त्याच्या पात्रता फेरीत 60 गोळ्यांना दीड तास होता, म्हणजे गोळीमागे सरासरी 90 सेकंद, त्यामुळे डावा हात रायफलवरून पलीकडे नेऊन बोल्ट ओढायला जरा वेळ गेला तर काही बिघडत नाही. (फायनलला वेळ कमी असतो, तिथे सवय लागते.) खरं नुकसान होतं ते पोझिशनचं. प्रोनमध्ये (पोटावर झोपून) तिचा उजवा हात स्लिंगमध्ये, म्हणजे रायफलच्या पट्ट्यात, अडकलेला असणार, तो हलवायचाच नाही, म्हणून बोल्ट डाव्या हातानेच चालवायचा, आणि हात पलीकडे गेला की रायफल एका बाजूला कलते, बट (रायफलचा मागचा टोकाचा भाग) खांद्यावरून किंचित सरकतो, पुढची गोळी कुठे जाते ते कळतही नाही. म्हणून दर वेळी बोल्ट बंद केल्यावर गाल जागेवर ठेवून डोळे मिटायचे, एक श्वास सोडायचा, डोळे उघडायचे, साइट टार्गेटवरच असेल तर ठीक, नसेल तर हाताने ढकलून आणायची नाही, शरीर हलवून आणायची. याची ड्राय प्रॅक्टिस (गोळी न भरता सराव) रोज करू दे, फक्त रिकाम्या चेंबरवर (गोळी बसते त्या जागेवर) ट्रिगर ओढू नका, काही पॉइंट टू-टू रायफलींमध्ये पिन चेंबरच्या कडेवर आपटते, आत वापरलेली पुंगळी (उडालेल्या गोळीचं रिकामं कवच) ठेवा.

खर्च करायचाच असेल तर आधी डाव्या हाताची ग्रिप आणि डावं जाकीट घ्या. उजव्या ग्रिपचा फुगवटा डाव्या तळव्यात चुकीच्या जागी येतो आणि ट्रिगर तिरका ओढला जातो, हे बोल्टपेक्षा कितीतरी जास्त नडतं. अ‍ॅल्युमिनियमच्या स्टॉकला (नळी ज्यावर बसते त्या सांगाड्याला) ग्रिप बदलता येते, गालाची पट्टीही सरकवता येते. डाव्या बोल्टच्या रायफली अनशुट्झ, वॉल्थर बनवतात, पण आपल्याकडे परदेशी रायफल दुकानात जाऊन विकत घेण्यासारखी नसते, स्कोअर आणि परवाना दोन्ही लागतं, तोवर आहे त्यावर खेळू दे.

प्रश्न: एनसीसीत पॉइंट टू-टूवर लेटून फायर आहे. मी डावरा आहे. बोल्ट कुठल्या हाताने ओढू, आणि पुंगळी तोंडावर येते का?
– एक कॅडेट, लातूर

उत्तर: तुझा चेहरा स्टॉकच्या उजव्या बाजूला असतो आणि पुंगळीही उजवीकडेच निघते, त्यामुळे बोल्ट झटक्याने न ओढता सावकाश मागे घे, डोक्यामागे जागा ठेव आणि डोळ्यांना चष्मा लाव. रायफल वाळूच्या पोत्यावर नीट टेकलेली असेल तर उजव्या हाताने बोल्ट चालव, डावा ग्रिपवरच राहू दे, पण तेव्हा डाव्या हाताचं बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर सरळ पाहिजे, यात हयगय नको, कारण बोल्ट बंद होतो त्याच क्षणी आत राउंड (गोळी) असतो. आणि फायरच्या आधीच पीआय सरांना (शिकवणाऱ्या लष्करी प्रशिक्षकांना) सांगून अगदी उजव्या टोकाची लेन माग. उजव्या नेमबाजाचे पाय मागे डावीकडे पसरतात, तुझे उजवीकडे, मधल्या लेनवर शेजाऱ्याच्या पायात पाय अडकतात.

प्रश्न: अमेरिकेत सहकाऱ्यांबरोबर हरणांच्या शिकारीला जातोय, रायफल त्यांची, उजव्या बोल्टची रेमिंग्टन 700. मी डावखुरा. पुढे स्वतःची घेतली तर कोणती घेऊ?
– एक वाचक, डेन्व्हर

उत्तर: बायपॉड (दोन पायांचा टेकू) किंवा बॅगेवर टेकवून मारणार असाल तर अडचण फार नाही, उजवा हात मोकळा असतो, त्याने बोल्ट चालवा. उभं राहून मात्र दुसरी गोळी उशिराच निघणार, तेव्हा पहिलीच नीट मारता येईल तेवढ्या जवळून मारा, जखमी जनावर जंगलात पळू देऊ नका. या रायफलचं सेफ्टी बटण उजव्या बाजूला असतं, डाव्या अंगठ्याला सहज पोचत नाही, रेंजवर रिकाम्या रायफलीने त्याची सवय करून मगच जा. स्वतःची घ्यायची तर सॅव्हेज 110 किंवा रुगर अमेरिकन बघा, दोन्ही डाव्या बोल्टमध्ये मिळतात आणि सेफ्टी मधोमध वर असते, कुठल्याही अंगठ्याला चालते. दुकानात खांद्याला लावून बोल्ट दोन-चार वेळा चालवून बघा, मगच पैसे द्या.